कोकोकेवरचा दिवस: आधी सावली, मग बाकीचं

मायामीहून निघणाऱ्या आमच्या क्रूझमध्ये एक दिवस कोकोकेसाठी राखलेला होता. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचं हे खाजगी बेट बहामाजमध्ये आहे, नासाऊच्या उत्तरेला, बेरी आयलंड्समध्ये. आम्ही चौघं: मी, नवरा, सहा वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. बेटाचे व्हिडिओ बघितले की उंच घसरगुंड्या, आकाशात जाणारा हेलियमचा फुगा, पाण्यावरचे कबाना (भाड्याने मिळणाऱ्या छोट्या झोपड्या) असं सगळं डोळ्यांसमोर नाचतं. मी मात्र ठरवलं की सासूबाईंना दिवसभर सावलीत, स्वच्छतागृहाजवळ आणि समुद्र दिसेल अशी जागा मिळाली पाहिजे. तेवढं जमलं तर बाकीच्यांचा दिवस आपोआप चांगला जाणार.

सासूबाईंची पहिली शंका रास्त होती. "अगं, जहाजातून होडीत उतरायचं असेल तर मी वरच बसते. तुम्ही जाऊन या." पूर्वी तसंच होतं. जहाज लांब समुद्रात उभं राहायचं आणि छोट्या बोटींतून माणसं बेटावर जायची. २०१९मध्ये सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून बेटाचा कायापालट झाला, त्यात धक्का बांधला गेला. आता जहाज थेट धक्क्याला लागतं आणि उतारावरून चालत खाली येता येतं. दुसऱ्या कंपनीच्या प्रिन्सेस केजसारख्या काही ठिकाणी अजून बोटीनेच जावं लागतं, म्हणून घरात वयस्कर माणसं असतील तर बुकिंग करतानाच हे विचारून घ्या. माझ्या मते जहाज कोणतं, केबिन कोणती यापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

दुसरी गोष्ट मी आधी तपासली ती म्हणजे त्या दिवशी धक्क्याला जहाजं किती. एका वेळी दोन लागू शकतात. सगळ्यांत मोठ्या जहाजांवर पाच हजारांहून जास्त प्रवासी असतात, म्हणजे दोन मोठी जहाजं आली तर दहा हजार माणसं एका छोट्या बेटावर. कोणत्या बंदरात कोणत्या तारखेला कोणती जहाजं येणार याची वेळापत्रकं नेटवर मिळतात. आमच्या दिवशी दोन होती. आरामखुर्च्या आणि छत्र्या फुकट असतात, पण राखून ठेवता येत नाहीत. जो आधी पोहोचेल त्याच्या.

पैशांचं गणित मी सविस्तर मांडलं, कारण इथेच बरेच जण गोंधळतात. समुद्रकिनारे, ओॲसिस लगून नावाचा भला मोठा गोड्या पाण्याचा पोहण्याचा तलाव, मुलांचं चाच्यांचं जहाज, ट्राम आणि बहुतेक ठिकाणचं जेवण हे सगळं तिकिटातच येतं. थ्रिल वॉटरपार्क, फुगा, कबाना आणि फक्त प्रौढांसाठी असलेला हाइडअवे बीच यांचे पैसे वेगळे. वॉटरपार्कचं तिकीट तारखेनुसार बदलतं आणि माणशी शंभर डॉलरच्या पुढेही जातं. तिथल्या मोठ्या घसरगुंड्यांना ४८ इंच उंची लागते, आमचा मुलगा त्यात बसत नव्हता. म्हणून तो खर्च सरळ काढून टाकला. तुमची मुलं मोठी असतील आणि तुम्हाला हे घ्यायचंच असेल, तर जहाज सुटण्याच्या बरंच आधी ऑनलाइन घ्या आणि किमतीवर लक्ष ठेवा. भाव उतरला तर आधीचं बुकिंग रद्द करून नव्या भावात पुन्हा घेता येतं.

त्या दिवशी नाश्ता लवकर उरकून आम्ही पहिल्या गर्दीबरोबरच उतरलो. सीपास कार्ड (जहाजावर चढा-उतरायला लागणारं कार्ड) गळ्यात, ओळखपत्र पिशवीत, सनस्क्रीन केबिनमध्येच लावून झालेलं. साउथ बीच जास्त मोकळा असतो, पण तो लांब. सासूबाईंसाठी आम्ही चिल आयलंड हा बेटावरचाच दुसरा किनारा निवडला आणि तिथेही ट्रामने गेलो. ज्यांना वाळूत चालणं अगदीच शक्य नाही त्यांच्यासाठी रुंद चाकांच्या खुर्च्याही मिळतात.

जागा निवडताना मी सूर्याकडे बघितलं. सकाळी छत्रीची सावली पश्चिमेला लांब पडते, दुपारी ती खांबाजवळ गोळा होते आणि नंतर पूर्वेला सरकते. म्हणून पूर्वेच्या बाजूला खुर्ची हलवायला मोकळी वाळू असेल अशी छत्री घेतली. सासूबाई सकाळी खांबाच्या एका बाजूला होत्या, जेवणानंतर नवऱ्याने त्यांची खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला नेली. ऊन त्यांच्या पायालाही लागलं नाही. दहा वाजेपर्यंत आमच्या आसपासची एकही सावलीची जागा उरली नव्हती.

पाणी मात्र खरंच काचेसारखं होतं. गाळ आणणाऱ्या मोठ्या नद्या बहामाजमध्ये नाहीत आणि तळाची वाळू चुनखडीची, पांढरी. त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहूनही पायाची बोटं दिसत होती. सासूबाई आधी नको नको म्हणत होत्या. मग नातवाचा हात धरून उतरल्या आणि अर्धा तास बाहेर यायला तयार नव्हत्या.

शाकाहारी माणसाचे हाल होतील ही भीती फारशी खरी ठरली नाही. सासूबाईंनी टॅको मांसाशिवाय भरून घेतला, सोबत सॅलड आणि फ्राइज. बीन्समध्ये मांस आहे का हे मात्र काउंटरवर प्रत्येक वेळी विचारायचं. बारा ते एक रांगा लांबतात, आम्ही साडेअकरालाच जेवून घेतलं. दुपारी नवरा आणि मुलगा चाच्यांच्या जहाजावर पाण्याच्या तोफा उडवत बसले आणि मी लगूनमध्ये निवांत तरंगले. वाऱ्यामुळे फुगा त्या दिवशी बंदच होता. वारा वाढला की तो खाली उतरवतात, म्हणून ज्यांचा जीव फुग्यात अडकलाय त्यांनी सकाळीच चौकशी करावी.

परतीची वेळ जहाजाच्या पत्रकात छापलेली असते. शेवटच्या तासात धक्क्यावर उन्हात लांब रांग लागते, सुरक्षा तपासणीही असते. आम्ही दीड तास आधी निघालो आणि थेट आत गेलो.

हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी एक सांगते. वारा जोरात असेल तर जहाज धक्क्याला लावता येत नाही आणि कोकोके ऐनवेळी रद्द होऊ शकतं. तिथल्यासाठी कंपनीकडून आधी घेतलेल्या तिकिटांचे पैसे परत मिळतात. पण मुलांना आधीपासून "बेटावर जायचंय, बेटावर जायचंय" असं सांगून ठेवलं असेल, तर जहाजावर त्या दिवशी काय काय करता येईल हेही आदल्या रात्री बघून ठेवा.