सेल्फ-हेल्पच्या नावानं बोटं का मोडता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. हा प्रश्न मला सारखा येतो, कधी चेष्टेत कधी जरा चिडून, की एवढं वाचता मग सेल्फ-हेल्पचं एखादं पुस्तक सुचवा म्हटलं की तोंड वाकडं का करता, माणसानं स्वतःला सुधारूच नये का? सुधारावं की! माझं भांडण सुधारण्याशी नाहीच, ते आहे कधीच न चुकणाऱ्या सल्ल्याशी.

म्हणजे बघा, औषधानं गुण आला नाही तर डॉक्टर औषध बदलतो, इथं मात्र पेशंटच खोटा ठरतो. पहाटे उठायला लागलात तरी काही बदललं नाही? मनापासून उठत नसाल. मॅनिफेस्ट केलं, म्हणजे हवं ते मिळालंच असं मनात धरून बसलात, आणि झालं नाही? आत कुठेतरी शंका असणार तुमच्या. जमलं तर मेथडमुळे, फसलं तर तुमच्यामुळे. आणि मग त्या फसण्यावर उपाय म्हणून पुढचा कोर्स असतोच.

माझ्या एका मैत्रिणीची हॅबिट ट्रॅकरची वही मी पाहिलीय. पट्टीनं आखलेले रकाने, पहाटे पाचला उठणे, मेडिटेशन, जर्नलिंग, वाचन, सुरुवातीला सगळीकडे हिरव्या टिका आणि मग खाली लाल फुल्याच फुल्या, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलेलं ‘आळशीपणा’. तिचं बाळ तेव्हा आठ महिन्यांचं होतं, रात्रीतून तीन-तीनदा उठायचं. त्या उठण्याला वहीत रकानाच नव्हता. रात्री दोनला उठलेली बाई पाचला उठली नाही म्हणून आळशी, हा हिशोब तिनं स्वतः शोधून काढलेला नाही हो, तो तिला कुणीतरी शिकवला.

तिला सांगितलं होतं की २१ दिवस नेटानं केलं की सवय लागते. हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लॅस्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ एक दिवस जातात. चेहऱ्याची! त्यातलं ते ‘कमीत कमी’ कधी गळालं, चेहऱ्याच्या जागी व्यायाम कधी आला, कुणी विचारलं नाही. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ लोक घेऊन खरोखर मोजून बघितलं, तर साधारण ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक फरक किती, तर कुणाला १८ आणि कुणाला अंदाजे २५४. शिवाय मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही असंही दिसलं. आता ही गोष्ट त्या ॲपवाल्यांना कोण सांगणार, जे तापानं एक दिवस आडवं पडलेल्या माणसाचा स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांचा आकडा, दुसऱ्या दिवशी शून्यावर आणून ठेवतात.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची गोष्ट तर तुम्ही ऐकलीच असेल, १९५३ च्या बॅचमधल्या ३ टक्के पोरांनी ध्येयं कागदावर लिहून ठेवली आणि वीस वर्षांनी बाकीच्या ९७ टक्क्यांच्या एकूण कमाईपेक्षा त्यांची जास्त होती वगैरे. असा अभ्यास झालेलाच नाही. तरी स्टेजवरून अजून सांगतात.

बरं, काही जण म्हणतात की खोटं असेना का, नुकसान तर नाही ना? होतं नुकसान. जोॲन वुड या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या टीमनं २००९ मध्ये एक प्रयोग छापला, त्यात लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य मनात घोळवायला सांगितलं. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं, आणि ज्यांचा आत्मविश्वास कमी त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्याच्यासाठी बनवलं त्यालाच ते बाधलं. याचंच टोक बघायचं तर त्याच वर्षी ॲरिझोनात जेम्स रे नावाच्या सेल्फ-हेल्प गुरूच्या शिबिरात, पैसे भरून आलेल्या लोकांना तापवलेल्या बंदिस्त तंबूत बसवलं होतं, शरीर थांब म्हणतंय तेव्हाच अजून थोडं रेटा असं सांगणं चालू, आणि तीन माणसं गेली. २०११ मध्ये तो दोषी ठरला, निष्काळजीपणाबद्दल.

हे टोक झालं, मान्य. पण ‘कधी थांबायचं’ हे न सांगण्याची खोड तीच. म्हणून हल्ली कुणी कुठलीही मेथड पुढे केली की मी एवढंच बघतो की ही माझ्यासाठी नाही हे मला कशावरून आणि किती दिवसांत कळेल, ते त्यात लिहिलंय का. बहुतेकांत नसतं.

सगळंच फेका असंही नाही म्हणत मी. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला गाइडलाइन देणारी नाइस म्हणून संस्था आहे, तिच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये कमी तीव्रतेच्या डिप्रेशनसाठी सेल्फ-हेल्प आहेच की, फक्त ते गाइडेड. ट्रेनिंग घेतलेलं कुणीतरी साधारण ६ ते ८ वेळा तुमच्याशी बोलतं, कुठवर आलात, काय जमत नाहीये ते बघतं. स्वतःच्या मदतीलाही दुसरं माणूस लागतंय बघा.

तेव्हा पुस्तक विचारताना आधी नक्की काय अडलंय ते सांगा. झोप लागत नाही, हिशोब जमत नाही, चारचौघांत बोलताना तत-पप होतं, असं काही असेल तर नावं आहेत माझ्याकडे, अगदी कंटाळवाणी पण कामाची. ‘आयुष्य बदलायचंय’ म्हणालात तर मात्र नाहीये.