एक स्टार, कारण शनिवारी बंद!

काल रात्री झोप येईना म्हणून फोनवर आमच्या ऑफिसजवळच्या सूपवाल्याच्या फूड ट्रकचे रिव्ह्यू वाचत पडले होते. नसते वाचले तर बरं झालं असतं. एका बाईंनी त्याला एक स्टार दिलाय, कारण काय तर त्या पोरांना घेऊन शनिवारी एवढ्या लांबून आल्या आणि ट्रक बंद. अहो बाई, काचेवर हे भलंमोठं कोशरचं, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांप्रमाणे केलेल्या अन्नाचं, सर्टिफिकेट चिकटवलंय, मालक ज्यू आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल, शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, मग तो शनिवारी नाही बंद ठेवणार तर कधी ठेवणार? आणि खाली लोकांनी 'उपयोगी माहिती' म्हणून अंगठे दिलेत. कसली उपयोगी?

मी अलिबागची आहे त्यामुळे मला हे जरा जास्तच लागलं. त्याचं कारण पुढे येईल.

ट्रक उभा राहतो मॅनहॅटनमध्ये ४७व्या रस्त्याच्या जवळ. पाचव्या आणि सहाव्या अ‍ॅव्हेन्यूच्या मधला हा तुकडा म्हणजे हिऱ्यांचा बाजार, त्यामुळे रांगेत काळ्या हॅटवाले दाढीवाले व्यापारी, त्यांच्याशी धंदा करणारे आपले पालनपुरी, म्हणजे गुजरातेतल्या पालनपूरचे हिरेवाले, रॉकफेलर सेंटर बघून दमलेले टूरिस्ट आणि आमच्यासारखी लंच अवरमध्ये पळत आलेली ऑफिसातली मंडळी, असा सगळा मालमसाला असतो. मालक साठीचा, ब्रुकलिनचा, कमी बोलतो. हाताखाली एक मेक्सिकन मुलगा आहे, पुएब्लाचा, गोळे तोच वळतो आणि (माझं मत) मालकापेक्षा बरे वळतो. मेन्यू छोटा. मात्झो बॉल सूप, क्निश, लाट्के, ब्रिस्केटचं सँडविच, आंबवलेली काकडी. ब्रिस्केट बीफचं असतं, मी खात नाही, तेव्हा त्याबद्दल विचारू नका.

सूपबद्दल मात्र बोलायलाच हवं. मात्झो म्हणजे बिनखमिराची पातळ कडक पोळी, पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत भाजून झाली नाही तर ती पासओव्हरच्या सणाला चालत नाही. ती दळून जो रवा होतो त्यात अंडी आणि श्माल्ट्झ घालायचं, श्माल्ट्झ म्हणजे कांद्याबरोबर कढवलेली कोंबडीची चरबी. मिश्रण फ्रिजमध्ये मुरलं की गोळे वळायचे आणि झाकण घालून उकळत ठेवायचे, मधेच झाकण उघडून बघायचं नाही, बघितलं तर बसतात. मग ते चिकनच्या नितळ पाण्यात, गाजराचे तुकडे आणि वरून शेपू. हो, शेपू! ज्या शेपूवरून मी आईशी जन्मभर भांडले तो शेपू मी इथे बारा डॉलर देऊन खाते, हे तिला कळलेलं नाही आणि कळायची गरजही नाही.

आता या गोळ्यांवरून जगात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो गोळा हलका हवा, सूपवर तरंगला पाहिजे. दुसरा म्हणतो तरंगणारा गोळा काय कामाचा, तळाशी बसला पाहिजे, दाताला लागला पाहिजे. आमच्या ट्रकवाल्याचे गोळे ना धड तरंगतात ना बुडतात, मधेच कुठेतरी लोंबकळतात, त्यामुळे दोन्ही पक्ष नाराज. एक गृहस्थ आहेत, हिऱ्यांच्याच धंद्यातले असावेत, डोळ्याला लावायचं भिंग खिशातून डोकावत असतं, ते खिडकीशी येऊन रोज खणखणीत आवाजात जाहीर करतात की आज दगड झालेत. आणि दोन वाट्या घेऊन जातात. मालक वरही बघत नाही. एक आजी आहेत त्यांच्या मते शेपू टाकणं हाच मुळात गुन्हा आहे. दुसऱ्या एकांना गाजर गोड लागतं. गोडावरून तर ज्यू लोकांत पिढ्यानपिढ्यांचं भांडण आहे म्हणे, पोलंडकडचे लोक माशाच्या गोळ्यांत साखर घालणार आणि लिथुआनियाकडचे मिरी, आणि दोघं एकमेकांच्या जेवणाला नावं ठेवणार. आमटीत गूळ घालणारे आणि न घालणारे यांच्यात जे चालतं तेच, फक्त यांनी ते समुद्र ओलांडून आणलं आणि तीनचार पिढ्या जपून ठेवलं.

ही सगळी मतं मला मान्य आहेत. तोंडावर बोलतात, पैसे देतात, उद्या परत येतात. आपल्याकडे गाडीवाल्याला असं तोंडावर कुणी बोलत नाही, आवडलं नाही तर गुपचूप पलीकडच्या गाडीवर जातात, आणि मला विचाराल तर तेच जास्त सभ्यपणाचं आहे. नवरा म्हणतो तू पुण्यात कधी राहिलेली नाहीस. असो.

माझं डोकं फिरतं ते दुसऱ्या मतांवर. सावर क्रीमवाल्या. लाट्के म्हणजे किसलेला बटाटा आणि कांदा अंड्यात कालवून भरपूर तेलात तळलेल्या चपट्या वड्या, हानुक्काच्या सणाला घरोघरी होतात, हा बाराही महिने करतो. त्याच्यावर एकतर सफरचंदाचा सॉस घेतात नाहीतर सावर क्रीम. कोशरमध्ये मांस आणि दूध एकत्र चालत नाही, एकत्र म्हणजे नुसतं एका ताटात नाही, भांडी, चमचे, तवे सगळं वेगळं लागतं. या ट्रकवर मांस शिजतं म्हणजे ट्रकवर दूध, चीज, क्रीम काहीही येणार नाही. संपलं. सोपं आहे. पण नाही! मागच्या आठवड्यात माझ्या पुढे एक उंचापुरा माणूस, गळ्यात कॉन्फरन्सचा बिल्ला, त्याचा मुद्दा असा की मी चिकन नाही घेतलं, बीफ नाही घेतलं, मी फक्त लाट्के घेतले, मग मला क्रीम का नाही? मालक म्हणाला, अ‍ॅपल सॉस. तो म्हणाला, पण माझ्या लाट्केत मांस आहे का? मालक म्हणाला, अ‍ॅपल सॉस. मग त्याने विचारलं की समोरच्या दुकानातून मी क्रीमची डबी आणली तर इथे उभं राहून खाऊ का, तर मालक म्हणाला फुटपाथ शहराचा आहे. मला हसू आवरेना. पण मागची रांग खोळंबली आणि त्या माणसाने तिथेच उभ्या उभ्या फोन काढून काय लिहायचं ते लिहिलं असणार, कारण काल वाचलं त्यात एक होतं: जेवण ठीक, वागणूक उद्धट, ग्राहकाच्या साध्या विनंतीला किंमत नाही, दोन स्टार.

साधी विनंती! याच देशात हाच माणूस कॉफी घेताना ओटचं दूध मागतो, सँडविच घेताना ग्लूटेन नको म्हणतो, शेंगदाणे नकोत, सोया नको, फॅट अर्धी, आणि समोरचा निमूटपणे सगळं करून देतो, ते त्याला हक्काचं वाटतं. खाणाऱ्याचं पथ्य ते पथ्य, आणि विकणाऱ्याने पाळलं की तो अ‍ॅटिट्यूड. हे मला इथलं अजिबात पटत नाही. पैसे देणारा म्हणून तुम्ही त्याच्या तव्याचे मालक होत नाही ना. माझ्या ऑफिसमधली एक अमेरिकन मैत्रीण, स्वतः ज्यू, तिला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली की ती स्वतः बेकन खाते आणि तिला असले ट्रक जुनाट वाटतात. म्हणजे तिथेही पंचाईत. पण सूपला मात्र येते माझ्याबरोबर, आणि हो, तीसुद्धा तरंगणाऱ्या पक्षाची.

आता अलिबागचं सांगते. आमच्याकडे इस्राएल आळी आहे, तिथे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, हे अलिबागकरांना माहितीच आहे, बाकीच्यांसाठी सांगितलं. बेने इस्राएल लोक, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, घरात मराठी बोलणारे. गलबत फुटलं आणि वाचलेले नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची कथा. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना नावच पडलं शनवार तेली. विचार करा, गावाचं तेल ज्यांच्या हातात ते शनिवारी काम करत नाहीत. गावाने काय केलं? शुक्रवारी तेल आणून ठेवलं. स्टार नाही, रिव्ह्यू नाही, घाण्यासमोर उभं राहून वाद नाही. आणि दूध-मांसाचा प्रश्न त्यांनी नारळाच्या दुधाने सोडवला, चिकनच्या रश्शातही नारळ आणि सणाच्या हलव्यातही नारळ. आमच्या लहानपणी आळीतल्या एक काकू मलिदा पाठवायच्या, गोड पोहे, खोबरं, वर फळं आणि सुकामेवा, एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने करतात तो. आम्ही तो प्रसाद म्हणूनच खायचो, कुणी शंका काढली नाही.

हे मी एकदा रांगेत सांगितलं तर आजूबाजूचे दोनतीन जण वळून बघायला लागले. भिंगवाले काका म्हणाले, भारतात ज्यू? आणि सूप नाही पीत? मी म्हटलं त्यांच्या पंक्तीला तुमचं सूप ठेवलं तर ते म्हणतील मीठमिरची घालायला विसरलात का. मालक तेव्हा पहिल्यांदा हसला. आणि मी छाती फुगवून हेही सांगून टाकलं की आमच्याकडे त्यांना कुणी कधी त्रास दिला नाही, जे की खरंच आहे, युरोपातल्या लोकांनी यावर बोलू नये.

आता तुम्ही म्हणाल की मुंबईत मासे खाणाऱ्याला फ्लॅट मिळत नाही, ते काय आहे. तो विषय वेगळा आहे. आणि आमच्या ठाण्याच्या फ्लॅटच्या जाहिरातीत 'फक्त शाकाहारी' लिहिलंय ते ब्रोकरने लिहिलंय, आम्ही नाही, सोसायटीत तसंच चालतं, इथे बसून आम्ही काय करणार.

किमतीबद्दलही रिव्ह्यूत रड आहे. एक क्निश सात डॉलरला, पातळ आवरणात कांदा-बटाटा ठासून भरलेला, एक खाल्ला की संध्याकाळपर्यंत बघायला नको, तरी लोकांना महाग. न्यूयॉर्कमध्ये खाण्याच्या गाड्यांच्या परमिटवर १९८३ पासून मर्यादा आहे. अधिकृत फी दोनशे डॉलर, पण परमिट मिळतच नाही, म्हणून ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून भाड्याने घ्यायचं, काळ्या बाजारात दोन वर्षांचे वीस हजार डॉलर आणि वर. २०२१ मध्ये कायदा केला, दरवर्षी ४४५ नवीन लायसन्स देणार म्हणून, पण रांग केवढी आहे. शिवाय कोशरची तपासणी, त्याचे पैसे वेगळे. शुक्रवारी अर्धा दिवस, शनिवारी बंद, पासओव्हरला आठवडाभर बंद. कसा परवडतो त्याला देव जाणे. या शहराचं गाड्यांशी जुनंच वाकडं आहे. शंभर वर्षांपूर्वी लोअर ईस्ट साइडला हेस्टर स्ट्रीटवर याच ज्यू लोकांच्या हातगाड्यांनी रस्ता भरलेला असायचा, १९३०च्या दशकात मेयर ला ग्वार्डियाने त्यांना रस्त्यावरून उचलून बंदिस्त मंडईत घातलं, एसेक्स स्ट्रीटची मंडई १९४० ची. आपल्याकडे फेरीवाले हटाव चालतं तेव्हा आपण अमेरिकेचे दाखले देतो ना, तर हे दाखले.

सर्दीत हे सूप प्यावं असं सगळेच म्हणतात, याला ज्यू पेनिसिलिनच म्हणतात. मला आधी थाप वाटली होती पण नेब्रास्का विद्यापीठातल्या स्टीफन रेनार्ड नावाच्या डॉक्टरने बायकोच्या आजीच्या पद्धतीचं चिकन सूप करून प्रयोगशाळेत तपासलं, २००० साली पेपरही छापला, सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल त्याने मंदावते म्हणे. नळीत मंदावते, माणसात काय होतं ते त्यात नाही. मला जानेवारीत बरं वाटलं एवढं खरं. हळदीचं दूध घरी करून पिता आलं असतं, पण जर्सीहून सकाळी सातची ट्रेन पकडणाऱ्या बाईला दूध गरम करण्याचे सल्ले देऊ नयेत.

मे महिन्यात बरेच जण इकडे येणार आहात, मेसेज आलेत, म्हणून शाकाहारींसाठी दोन गोष्टी सांगून ठेवते. कोशर दुकानात 'पार्व्ह' लिहिलेलं दिसलं की लोक खूश होतात, मांस नाही दूध नाही म्हणजे आपलं. तसं नाही, त्यात अंडं आणि मासा दोन्ही चालतं. आणि पार्व्ह असलेली वस्तूही मांसाच्या भांड्यात केलेली असू शकते, आमच्या ट्रकवरचे क्निश तसेच आहेत, चालत असेल तर घ्या. सुपरमार्केटमध्ये पाकिटावर गोलात यू आणि शेजारी डी दिसला तर तो दुधाचा किंवा दुधाच्या भांड्यांत केलेला पदार्थ, त्यात मांस नसणार, पण अंडं आणि मासा आहे का ते यादीत वाचायचंच.

त्यांचा विश्रांतीचा दिवस शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो आणि थंडीत इथे साडेचारला अंधार पडतो, त्यामुळे शुक्रवारी तो दुपारी एकलाच गाशा गुंडाळतो, उन्हाळ्यात जरा उशिरापर्यंत असतो. जैन लोकांसाठी तर काहीच नाही, कांदा, बटाटा, लसूण यांच्याशिवाय या ट्रकवर पान हलत नाही. तरी आमच्या बिल्डिंगमधले पालनपुरी शेठ नेमाने रांगेत उभे असतात, भिंगवाल्या काकांशी भाव बोलत बोलत खिडकीपर्यंत येतात आणि फक्त सेलरीचा सोडा घेतात. त्याबद्दलही त्यांचं मत आहेच, गोड जास्त.