ज्वारीच्या पिठाशी गट्टी: भाकरीपासून येसराच्या आमटीपर्यंत

भाकरी आता रोज फुगतेय. थापताना काठाला चिरा जात नाहीत, पापुद्रा अलगद सुटतो. पुढच्या पदार्थांना हात घालायचं धाडस मला इथूनच आलं, म्हणून नोंद भाकरीपासूनच.

ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे कणकेसारखा चिवटपणा या पिठाला येत नाही. पीठ धरून ठेवतो तो गरम पाण्याने फुललेला स्टार्च. काठवटीत पिठाचं आळं करायचं, त्यात आधण ओतायचं, उलथन्याने कालवून झाकायचं. हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताने चांगलं रगडायचं. दळण ताजं असेल तर थोडंसं आधण पुरतं. पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहण्याचा गुण, गेली असेल तर मात्र उकडच काढावी लागते. आठवड्यापुरतंच दळून आणावं, हे माझं ठाम मत झालंय.

पिठाचा स्वभाव कळल्यावर धपाटे आणि शेंगोळे सोपे गेले. शेंगोळ्यांसाठी ज्वारीत थोडं बेसन, थोडी कणीक घालून घट्ट मळलं आणि तेलाच्या हाताने वळलं. लसणाचा रस्सा खळखळून उकळत असतानाच ते सोडायचे, नाहीतर विरघळतात.

सगळ्यात जास्त आनंद दिला तो येसराच्या आमटीने! लग्नाच्या पंगतीत भाकरी कुस्करून खाल्लेली ही आमटी आपल्या घरी होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजायची, कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो. मग धने, जिरे, मिरे, लवंग भाजून सगळं एकत्र दळायचं; हे पीठ म्हणजेच येसर. प्रमाण घरोघरी निराळं. आमच्या सासूबाई बाजरीही घालतात. येसर कालवायचं ते गार पाण्यातच. उकळत्या पाण्यात पडलं की पीठ बाहेरून लगेच फुलतं, आत कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. म्हणजे भाकरीला जे आधण लागतं, तेच इथे चालत नाही. हे उमगलं तेव्हा पाककृतीचा कागद बाजूला ठेवला. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला तेलात परतला, कालवलेलं येसर ओतलं आणि तवंग वर येईपर्यंत मंद आचेवर उकळू दिलं. आमटी निवताना दाटते, तेव्हा चुलीवर असताना पातळच दिसली पाहिजे.

आता तयारी येळवसेची, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या मार्गशीर्षातल्या अमावस्येची. तुरीचे ओले दाणे, हरभरा, पालेभाज्या घालून भज्जी, म्हणजे बेसन लावलेली मिसळीची भाजी, करायची आहे. आंबटपणाला चिंच आणणार ती निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची; तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. आंबिलीचं ज्वारीचं पीठ गार ताकात कालवूनच शिजवणार. भज्जीत बेसन किती लागतं, हे मात्र आधी लहान पातेल्यात करून बघणार आहे. शेतात सगळ्यांना वाढायची भज्जी मोठ्या पातेल्यात, त्यानंतरच.