ठमीची चार आणि मी एकटी

"एंजल जरा जाड झालीये, बाकी काही नाही," एवढंच तिच्या आधीच्या मालकीणबाई बोलल्या होत्या. त्या परदेशी चालल्या होत्या, कुत्री नेता येत नव्हती, आत्तेबहिणीच्या ओळखीतल्या, म्हंटलं घेऊ. फेब्रुवारीचा शेवट होता. बाबा गेल्यापासून पुण्यात कर्वेनगरच्या या तळमजल्यावर मी एकटीच असते, मागे बोळाएवढं अंगण, त्यात धुण्याचा दगड आणि जास्वंद, आणि दिवसभर लॅपटॉपवर लोकांचे टॅक्स रिटर्न. मला एक लहानसं, शांत कुत्रं हवं होतं. जॅक रसेल टेरियर शांत असतं असं मला कुणी सांगितलं होतं ते आता आठवत नाही, आठवलं की बघतेच त्याच्याकडे.

एंजल हे नाव मला जमेना म्हणून ठमी केलं. आणि पंधरा दिवसांत ठमीचं पोट असं काही दिसायला लागलं की मी घाबरून डॉक्टरांकडे नेली, मला वाटलं जलोदर वगैरे. त्यांनी सोनोग्राफीचा डबा फिरवला आणि म्हणाले, "अभिनंदन, तीन तरी दिसतायत." कुत्रीचे दिवस साधारण 63 असतात म्हणे, म्हणजे माझ्याकडे यायच्या आधीच काम झालेलं होतं. मी फोन केला तर मालकीणबाईंचा नंबर बंद. असो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री अडीचला. मी आंघोळीच्या खोलीबाहेर जुन्या गोधड्यांचा कोपरा करून ठेवलेला, ठमीने तो नाकारला आणि माझ्या टेबलाखाली, वायरींच्या जंजाळात जागा पसंत केली. डॉक्टरांनी आधीच बजावलेलं, दोन पिल्लांमध्ये दीड-दोन तास गेले तरी घाबरू नका, पण अर्धा तास जोरात कळा देऊनही काही बाहेर येत नसेल तर लगेच फोन. मी घड्याळ घेऊन जमिनीवर पालथी पडलेली. ठमीला माझी गरज नव्हती. नाळ तिनेच तोडली, चाटून चाटून पिल्लाला रडायला लावलं, आणि सगळं साफ करून टाकलं, म्हणजे खाऊन टाकलं, ते बघून मी दोन दिवस जेवले नाही. तीनऐवजी चार निघाली. शेवटचं सकाळी सहाला, बाहेर दूधवाल्याची बेल वाजताना.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही, आजूबाजूला तीसच्या आसपास तापमान लागतं. थंडीत झाली असती तर दिवे लावून बसावं लागलं असतं, पण एप्रिलमध्ये पुण्यात त्याची काळजी देव करतो. मला उलटीच काळजी, दुपारी चाळीसच्या घरात पारा, खिडकीला ओला पडदा आणि पंखा भिंतीकडे तोंड करून. चौघांच्या गळ्यात लोकरीचे वेगवेगळ्या रंगांचे धागे बांधले आणि दिवाळीच्या लाडवांचं साहित्य मोजायचा काटा रोज सकाळी बाहेर काढला. एकशे ऐंशी, एकशे नव्वद, एकशे पंच्याहत्तर, आणि पिवळ्या धाग्याची एकशे पस्तीस ग्रॅम. वजन रोज वाढलं पाहिजे, थोडं का होईना, नाही वाढलं तर काहीतरी बिनसलंय असं समजायचं. पिवळीला बाकीचे तिघं ढकलून लावायचे, तर तिला दर पाजण्याला उचलून मागच्या आचळाला लावायची, तिथे दूध जास्त असतं. जीएसटीच्या क्लायंटशी फोनवर बोलता बोलता मी हे करत असायचे आणि तो बिचारा विचारायचा, "मॅडम, मागून आवाज कसला येतोय?"

बाराव्या दिवशी डोळे उघडले. तिसऱ्या आठवड्यात दात. इथून पुढे सुखाचे दिवस संपले.

टेरियर हा शब्दच मुळात लॅटिन 'टेरा'वरून आलाय, टेरा म्हणजे जमीन. जमिनीत शिरणारं कुत्रं. इंग्लंडात डेव्हन भागात जॉन रसेल नावाचे एक पाद्री होते, त्यांना शिकारीचा भयंकर नाद, 1819 साली ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची एक पांढरी कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून हे सगळं सुरू झालं. (हो, ट्रम्प. मी काही बोलत नाहीये.) या कुत्र्यांचं काम काय, तर कोल्ह्याच्या बिळात घुसायचं, त्याला मारायचं नाही, समोर उभं राहून भुंकत राहायचं, तो वैतागून बाहेर पळेपर्यंत किंवा माणसं कुदळ घेऊन येईपर्यंत. म्हणजे बघा, न थांबता भुंकणं, जमीन उकरणं, अंधाऱ्या फटीत घुसणं आणि माणूस जवळ नसताना स्वतःचे निर्णय स्वतः घेणं, या चार गोष्टींसाठी दोनशे वर्षं निवडून निवडून वाढवलेली जात माझ्या दोन खोल्यांत चाराच्या पटीत होती. त्यांना वाईट सवयी लागल्या असं लोक म्हणतात तेव्हा मला हसू येतं. सवयी कसल्या, ते त्यांचं क्वालिफिकेशन आहे.

दुधाचे दात 28 असतात. चार गुणिले अठ्ठावीस, एकशे बारा सुया. माझ्या घोट्यांचा फोटो मी इथे टाकणार नाही.

नावं मी ठेवली नाहीत, ती आपोआप पडली. जो चावून लोंबकळायचा तो खिळा. जी सतत मोरीत जाऊन बसायची ती मोरी. एक जण घरातली वस्तू उचलून दुसऱ्याच कुणाच्यातरी अंथरुणात पोचवायचा, माझी चप्पल ठमीकडे, ठमीचं हाड माझ्या उशीवर, तो पोस्ट्या. आणि पिवळ्या धाग्याची, ती सगळ्यांपासून लांब उंबऱ्यावर बसून कोण काय करतंय ते बघत राहायची, तिचं नाव काकू. शेजारच्या काकू गॅलरीत डिट्टो तशाच बसतात. हे त्यांना सांगू नका असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

शी-शूबद्दल थोडक्यात सांगते कारण जास्त सांगण्यासारखं काही नाही, ते होत राहतं. आख्ख्या गल्लीची रद्दी माझ्याकडे यायची. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर अंगणात न्यायचं, हा नियम एका पिल्लाला सोपा आहे, चौघांना नाही, कारण तुम्ही तिसऱ्याला उचलेपर्यंत पहिल्याचं आतच उरकलेलं असतं. अमोनियावालं फ्लोअर क्लीनर अजिबात वापरू नका, त्याचा वास त्यांना लघवीसारखाच येतो आणि ते म्हणतात अरे वा, हीच ती जागा. मी पाण्यात व्हिनेगर घालून पुसायचे, घराला महिनाभर लोणच्याचा वास. दुसरी गोष्ट कांदा. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी, बेदाणे-मनुकेही, म्हणजे कांदेपोहे बंद आणि सत्यनारायणाच्या शिऱ्याची वाटीसुद्धा उंच फळीवर. मी उभ्याने ओट्यापाशी पोहे खायचे, पुण्यात याला काय आयुष्य म्हणतात का?

जूनच्या सुरुवातीला पहिली लस. एकटीने चार पिल्लं न्यायची कशी, तर प्लास्टिकची कपड्यांची बास्केट, वर जुनी ओढणी बांधून. रिक्षावाला थांबला, बास्केटमधून चार नाकं बाहेर, म्हणाला, "मॅडम, हे सगळे मीटरवर का वेगळे?" कर्वे पुतळ्यापर्यंत पोचेस्तोवर पोस्ट्याने त्याचा सीटवरचा नॅपकिन खिळ्याकडे पोचवला होता. पैसे देताना तो म्हणाला, यातलं एक द्याल का, मी म्हंटलं आत्ता घ्या. तो हसत निघून गेला, मी गंभीर होते.

आता मुख्य गोष्ट. आठ-नऊ आठवड्यांची झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ही चार पिल्लं नाहीयेत, ही एक टोळी आहे, सोळा पायांची. खिळ्या म्हणून हाक मारली की एक तर कुणीच बघायचं नाही किंवा चौघं यायची. एकाला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं की तो असा केकाटायचा की जसं मी त्याला विकायला काढलंय, आणि इकडे बाकीचे तीन त्याला साथ द्यायचे. एक ओळखीचा ट्रेनर आहे, त्याला व्हिडिओ पाठवला. तो म्हणाला, एकत्र वाढलेली भावंडं एकमेकांनाच इतकी चिकटतात की माणसाची गरजच उरत नाही, मग वेगळी केली की घाबरतात, नाहीतर मोठी झाल्यावर आपसात भांडतात, त्यांचा तो 'लिटरमेट सिंड्रोम'. हे काही डॉक्टरी निदान नाही, ट्रेनर लोकांचा शब्द आहे, आणि त्यांच्यातही त्यावर वाद आहेत. पण माझ्या घरात चाललेलं होतं ते हेच. उपाय काय? म्हणाला, "प्रत्येकाला रोज थोडा वेळ एकटं राहायला शिकवा."

मला एकटं राहायला शिकवायला सांगत होता. हे म्हणजे मला येत असलेलं एकमेव काम होतं.

फ्रिजवर वेळापत्रक लावलं. पूर्वी पेपरात लोडशेडिंगचं यायचं ना, अमुक भाग अमुक वेळ बंद, तसंच. सकाळी साडेनऊ खिळा मधल्या खोलीत एकटा, मोरी माझ्याबरोबर अंगणात, बाकीचे दोघं ठमीकडे. दहा वाजता बदली. दुपारी चार दहाला काकू. प्रत्येकाला दिवसातून एकदा पूर्ण एकटं, एकदा फक्त माझ्याबरोबर, स्वतःचं ताट, स्वतःचा क्रेट म्हणजे पिंजरा, नाव एकट्याचं घ्यायचं आणि आला की लगेच उकडलेल्या अंड्याचा कण. सुरुवात एका मिनिटाने, कारण दोन मिनिटांत खिळा प्लायचा आडोसा कुरतडायचा. रडत असताना दार उघडायचं नाही, गप्प झाला, तीन सेकंद का होईना, की मग उघडायचं. दाराच्या अलीकडे मी बसलेली असायचे पाठ टेकून, ऐकत. जुलै म्हणजे माझ्याकडे रिटर्नची गर्दी, मांडीवर लॅपटॉप, एका हाताने फॉर्म भरत, कानाने रडण्याचा अंदाज घेत. घाबरल्याचं रडणं आणि नुसता हट्ट यांतला फरक कळायला मला दोन आठवडे लागले. पहिलं वर चढत जातं आणि थांबत नाही, तेव्हा मी सरळ आत जायचे, वेळापत्रक गेलं खड्ड्यात. दुसऱ्यात मध्ये मध्ये थांबून ऐकणं असतं, येतेय का ही.

सगळ्यात आधी काकू शिकली. सगळ्यात शेवटी खिळा, आणि तो शिकलाच असं म्हणणं धाडसाचं आहे.

लशी पूर्ण होईपर्यंत जमिनीवर सोडायचं नाही, पार्व्होची भीती, तो पिल्लांचा जीवघेणा संसर्ग. पण याच वयात जग बघितलं नाही तर पुढे सगळ्याला घाबरतात, म्हणून एकेकाला बाजाराच्या कापडी पिशवीत घालून संध्याकाळी भाजी घ्यायला न्यायचे. हॉर्न, पीएमपीच्या बस, शाळेतली पोरं. भाजीवाल्या मावशी मोरीला घेऊन कोथिंबिरीच्या जुड्या विकायच्या. आणि ढोल! पावसाळा लागला की नदीकाठी डीपी रोडला पथकांची प्रॅक्टिस सुरू होते, दरवर्षी मी शिव्या घालते, यंदा त्या आवाजातच जेवण वाढायचे. आधी दारं लावून, मग एक खिडकी उघडून, मग सगळ्या. गणपतीपर्यंत चौघंही ताशाच्या तालावर गाढ झोपत होती. दिवाळीला फक्त ठमी पलंगाखाली गेली.

पावसात गटारातून घुशी वर येतात हे कर्वेनगरात कुणाला सांगायला नको. एका संध्याकाळी जास्वंदीपाशी ठमी गोठल्यासारखी उभी, मग चौघं तिच्यामागे तशीच, कुणी शिकवलं नव्हतं. घूस निघाली, मांजराएवढी, मी दगडावर चढले. पुढचं वर्णन नको. लशीत लेप्टोस्पायरोसिसची लस असते ती याचसाठी, उंदीर-घुशींच्या लघवीतून तो रोग येतो, तरी मी रात्री पाचही तोंडं धुतली आणि डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ज्या गृहस्थांनी भुंकण्याबद्दल माझ्या नावे नोटीस लावली होती, ते दारात आले आणि हळूच म्हणाले, आमच्या जिन्याखाली पण एक आहे. मी म्हंटलं आधी ती नोटीस काढून टाका.

ऑगस्टमध्ये मला ताप आला, एकशे तीन. एकटीने राहण्यातलं हे एकच मला जमत नाही, आजारी पडणं. उठून चार ताटं भरायची ताकद नव्हती. शेजारच्या काकू आल्या, पातळ खिचडी घेऊन, फ्रिजवरचं वेळापत्रक चष्मा लावून वाचलं आणि तीन दिवस मिनिटाबरहुकूम चालवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "चार दहाला 'काकू एकटी' असं लिहिलंयस ते कुणाबद्दल?" मी उशीत तोंड घातलं. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बरोबर लिहिलंयस. त्या वेळी हे झोपलेले असतात."

पाचही ठेवणं शक्य नव्हतं. आठ आठवड्यांनंतर देता येतात, मी साडेचार महिने लावले, कारण दर वेळी येणाऱ्यात मला खोट दिसायची. पोस्ट्या चिंचवडला मावसभावाकडे, त्यांच्या घरात आता काहीच जागेवर सापडत नाही. मोरी माझ्याच एका क्लायंटकडे, औंधला. खिळा सासवडजवळ एका अंजिराच्या बागेत, तिथे उकरायला सात एकर आहेत. पिल्लाला घेताना कोण काय विचारतं यावर माझं लक्ष असायचं, "भुंकतं का" विचारणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवलं. सगळ्यांना लस-कार्ड दिलं, महापालिकेचं लायसन्स काढायला सांगितलं, नसबंदी करायचं कबूल करून घेतलं. ठमीची मी करून टाकली.

काकू राहिली. खरं तर तिला कुणी मागितलंच नाही, येणाऱ्यांसमोर ती उंबऱ्यावरून उठायचीच नाही, आणि मीही कधी उठवलं नाही.

आता डिसेंबर. वेळापत्रक अजून फ्रिजवर आहे, बाकीच्यांच्या ओळी मी खोडल्या नाहीयेत. चार वाजून गेले की काकू आपली आपण उठते, मधल्या खोलीत जाते आणि खिडकीकडे तोंड करून बसते. ठमी बाहेर पाय पसरून घोरत असते. दहा मिनिटांनी मी सवयीने दार उघडायला जाते, तर दार लावलेलंच नसतं.