50 पैकी 3

शनिवार, रात्री उशिरा

हेडी टॉपर या बिअरला मी दिले 50 पैकी 43. बाबांनी दिले 33. आईने फक्त वासाला मार्क दिले आणि बाकीच्या रकान्यांना हात लावला नाही. एवढ्यावरून जेवण थंड होईपर्यंत वाद झाला. नवरा मध्ये दोनदा येऊन पोळ्या गरम करून गेला, त्याला बिअर या विषयात काडीचा रस नाही.

आई-बाबा दिवाळीपर्यंत आमच्याकडे मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला आहेत. पानं लाल-पिवळी झालीत तोवर त्यांना शेजारचं व्हरमाँट राज्य दाखवायचं म्हणून गेल्या आठवड्यात स्टोला जाऊन आलो. पानं हे निमित्त, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. स्टोला अल्केमिस्टची ब्रुअरी आहे आणि मॅसॅच्युसेट्सहून एवढं लांब जायचं आणि तिथून हात हलवत यायचं, असं माझ्याच्याने होत नाही. त्यांच्या हेडी टॉपरचे चार कॅन आणि फोकल बँगर या दुसऱ्या बिअरचे चार. येताना आइसबॉक्स मांडीवर घेऊन बसले होते म्हटलं तरी चालेल.

वाटेत बाबांना सगळी कथा सांगितली. जॉन आणि जेन किमिक या जोडप्याने 2003 साली व्हरमाँटमधल्याच वॉटरबरीत अल्केमिस्ट नावाने पब काढला, तळघरात बिअर बनवायची आणि वर प्यायला द्यायची. जॉन त्याआधी बर्लिंग्टनला ग्रेग नूननच्या हाताखाली शिकला. नूननने 1988 मध्ये तिथे पब उघडला तो आधी राज्याचा कायदा बदलून घेऊन. त्याच्याकडचं एक इंग्लिश वळणाचं यीस्ट किमिककडे आलं, त्याला कोनन म्हणतात. साखरेची दारू करता करता ते पीच-जर्दाळूसारखा वास सोडतं. मग 28 ऑगस्ट 2011 ला आयरीन वादळाने नदी गावात आली आणि पब बुडाला. नशिबाने त्याच गावात कॅन भरायचा कारखाना तयार होत आला होता, तो पुरानंतर काही दिवसांतच सुरू झाला. इतकी वर्षं ज्या बिअरसाठी लोकांना त्या पबमध्येच यावं लागायचं, ती अशी कॅनमधून घरोघरी गेली.

"विम्याचे पैसे मिळाले का त्याला?" बाबांचा पहिला प्रश्न. पस्तीस वर्षं वीज मंडळात काढलेल्या माणसाला पूर म्हटल्यावर आधी नुकसानभरपाई आठवते.

तर आज संध्याकाळी एक कॅन उघडला. काळा-चंदेरी, 473 मिलीचा, वर डोक्याचा स्फोट झालेला माणूस. भरल्याची तारीख तळाशी पाहिली, अगदी ताजा होता. या बिअरच्या बाबतीत ही तारीख किमतीपेक्षा महत्त्वाची. ड्राय हॉपिंगमधून (हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, उकळीनंतर थंड बिअरमध्ये घालणं) आलेली तेलं फार नाजूक असतात, ऑक्सिजन थोडा जरी आत राहिला की आधी वास उडतो, मग रंग काळवंडत मळकट जांभळट-तपकिरी होतो. गेल्या उन्हाळ्यात इथल्याच एका दुकानात शेल्फवर, फ्रिजच्या बाहेर ठेवलेला एका दुसऱ्याच ब्रुअरीच्या अशाच धुरकट बिअरचा (हिला हेझी म्हणतात) कॅन मी आणला होता. ओतल्यावर आमसुलाचं सार म्हणून खपला असता. पैसे पूर्ण घेतले होते.

हेडी टॉपरच्या कॅनच्या कडेवर वर्षानुवर्षं छापलेलं असायचं की कॅनमधूनच प्या. ग्लासात ओतली की वास हवेत जातो, गॅस जातो, असं किमिकचं म्हणणं. मी अर्धी ग्लासात ओतली आणि अर्धी कॅनमध्येच ठेवली. मार्क द्यायचे तर बघायला नको का?

ग्लासातली आधी. रंग फिक्कट नारिंगी-पिवळा, खिडकीकडे धरली तर पलीकडचं झाड नाही दिसलं, पण उजेड आरपार येत होता आणि कडेला एक चमक होती. वर पांढरा, घट्ट, बोटभर फेस. फेस खाली बसताना काचेवर एकेक जाळी सोडत गेला, हे लक्षण चांगलं. तळाशी तीन-चार ठिपके मात्र तरंगत होते.

बाबांनी ग्लास हातात घेतला आणि लगेच टेबलावर ठेवला. "अगं, ही खराब झालीय. परत कर."

"बाबा, ती अशीच असते."

"नासकी?"

"गाळलेली नसते."

"मग गाळायची ना. एवढे पैसे घेतात."

बाबांचं चुकत नाही, त्यांच्या पिढीचं बिअरचं शिक्षणच तसं झालंय. 1842 मध्ये पिल्झेनला पहिली सोनेरी, नितळ लागर निघाली आणि त्यानंतर जगभर बिअर म्हणजे आरपार दिसणारी, असाच दंडक बसला. त्यात गढूळपणा दिसला की बहुधा जंतू शिरले किंवा यीस्ट नीट बसलं नाही, हे खरंही असायचं. नाशिकला रविवारी दुपारी बाबा जी बाटली उघडतात ती उजेडात धरून आधी बघतात, मगच ओततात. मी त्यांना आठवण करून दिली की बिरा व्हाइट ते आवडीने पितात आणि तीही धुरकट असते.

"ती गव्हाची असते. त्यात संत्र्याची साल घालतात. तिचं वेगळं."

इथे मी पुढे सरसावले, कारण यातही गहू आणि ओट्स वापरायची पद्धत आहे. हेझी आयपीएचा (आयपीए म्हणजे हॉप्सवर भर असलेली बिअर) धुरकटपणा मुख्यतः धान्यातली प्रथिनं आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल्स यांच्या गाठी मारून होतो. या गाठी इतक्या बारीक असतात की खाली बसत नाहीत, तरंगत राहून उजेड पसरवतात. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र बराचसा गढूळपणा तरंगत्या यीस्टचा. पुण्यात 2009 साली डूलाली सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, तेव्हा ऑफिसातल्या आमच्या गँगने तिथेच पहिल्यांदा असली धुरकट बिअर प्यायली. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी वेटरला बोलावून हेच विचारलं होतं, जे आज बाबांनी मला विचारलं.

मग मी कागद काढला. बीजेसीपी नावाची परीक्षकांची संस्था आहे, तिच्या गुणपत्रिकेवर एकूण 50 गुण: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला स्पर्श 5 आणि एकंदर छाप 10. बाबांना कागद वाचायला आवडतो, चष्मा लावून वाचला. आणि त्यांनी जे विचारलं त्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही.

"दिसण्याला तीनच? आणि सगळे हिला ओळखतात ते गढूळ म्हणून?"

खरं तर हेच माझ्या मनात बरेच दिवस घोळतंय. या पद्धतीच्या बिअरला 2018 मध्ये अमेरिकी ब्रुअर्स असोसिएशनने 'ज्यूसी ऑर हेझी' म्हणून स्वतंत्र वर्ग दिला, बीजेसीपीच्या 2021 च्या पुस्तिकेत ती 'हेझी आयपीए' झाली. त्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की धुरकट, अपारदर्शक चालेल, पण चिखलासारखी नको, आणि तरंगते कण, यीस्टचे गोळे दिसले तर तो दोष. म्हणजे धुरकटपणाचे जास्तीत जास्त तीन गुण, तेही अतिरेक केला तर कापले जाणार. पण मोबाइलवर बिअरला मार्क देणारी मंडळी आधी ग्लासचा फोटो काढतात, त्यात जेवढी दाट दिसेल तेवढी कौतुकाची. मग काही ब्रुअर उकळीत गव्हाचं पीठ टाकून दाटपणा वाढवतात. चवीला त्याचा उपयोग शून्य, फोटोला भरपूर. आणि ज्या बिअरपासून हे सगळं सुरू झालं असं मानतात तिचा कर्ता कॅनच्या कडेवर छापून सांगत होता की ग्लासात ओतू नका. कॅनमधून प्यायली तर रूपाचे तीन गुण कोणी द्यायचे? तीनही बुडाले. त्याला त्या तिनांची पर्वा नव्हती, हे मला फार आवडतं.

आता मुख्य विषय, वास. इथे आई आली. आई दारूला स्पर्श करत नाही, पण स्वयंपाकघरातून येताना थबकली आणि म्हणाली, "पपनस कुठून आणलंस?" घरात पपनस नव्हतं. ग्लास तिच्या नाकाशी नेला तर तिने डोळे मिटून सांगितलं की गर नव्हे, साल सोलताना नखात अडकते ना ती पांढरी-हिरवी साल, तिचा वास. त्यामागे थोडा पिकलेला पेरू. आणि अगदी शेवटी "ओलं लाकूड, देवळातल्या धुपासारखं काहीतरी." मी इतक्या वर्षांत नोंदवहीत 'सिट्रस, ट्रॉपिकल, पाइन' असं ठोकळेबाज लिहीत आलेय. हेडी टॉपरमध्ये नेमके कोणते हॉप्स ते किमिक सांगत नाही, पण राळेचा, चिडाच्या लाकडाचा वास आहे हे आईने एका झटक्यात ओळखलं. तिने वासाला 12 पैकी 12 दिले. मी 11. एक गुण मी राखून ठेवला कारण ग्लासात दहा मिनिटांनी वास जरा ओसरला, कॅनमधल्या अर्ध्या भागात तो तसाच होता. म्हणजे किमिकचं खरं आहे.

बाबांना तो वास "हिरवा" वाटला. भांगेच्या जवळचा म्हणायचं होतं बहुतेक, मुलीसमोर म्हणाले नाहीत. हॉप्स आणि भांग एकाच कुळातल्या वनस्पती आहेत, त्यामुळे त्यांचंही नाक ठीक आहे. दिले 8.

चव. पहिला घोट गोडसर लागतो, मग पपनस, मग जिभेच्या मागे कडूपणा हळूच येतो आणि राहतो. कडूपणा असतो हॉप्स किती वेळ उकळले यावर. इथे बहुतेक हॉप्स उकळी संपल्यावर आणि नंतर टाकीत थंड अवस्थेत घालतात, त्यामुळे कडूपणा कमी उतरतो आणि तेलं टिकतात. आंबत असताना घातले तर यीस्ट त्या तेलांतल्या काही घटकांचं रूप बदलतं, गुलाबासारख्या वासाचं जिरॅनिऑल लिंबूवर्गीय वासाच्या सिट्रोनेलॉलमध्ये जातं. तरी हेडी टॉपर ही आजकालच्या हेझींपेक्षा कडूच आहे. आताच्या बऱ्याच हेझी पिताना शाळेच्या कॅन्टीनमधलं मँगो ड्रिंक आठवतं, तसं हिचं नाही. बिअर प्यायल्यासारखं वाटतं. 8 टक्के अल्कोहोल आहे ते घशात कळत नाही, अर्ध्या तासाने गुडघ्यात कळतं. 20 पैकी 17.

स्पर्श मऊ, थोडा साय लागल्यासारखा. घशात जळजळ अजिबात नाही. हे महत्त्वाचं, कारण हॉप्सचा भुगा नीट न बसवता घाईने भरलेल्या हेझीत घसा खरवडून निघतो. 5 पैकी 4. रूपाला 2, ते ठिपके होते म्हणून. एकंदर 9. झाले 43.

बाबांनी रूपाला शून्य दिलं. "तत्त्वाचा प्रश्न आहे." पण चवीला 15, स्पर्शाला 4, एकंदर 6. बेरीज त्यांनीच केली, 33, आणि कागदाखालच्या कोष्टकात बघितलं तर 30 ते 37 म्हणजे 'खूप चांगली'. हे त्यांना अजिबात आवडलं नाही. शून्य देऊनही खूप चांगली येते, ही कसली परीक्षा, म्हणून त्यांनी वासाचा एक गुण कमी करायचा प्रयत्न केला. मी करू दिला नाही, एकदा पेनाने लिहिलं की लिहिलं. ग्लास मात्र रिकामा होता.

रविवार, सकाळी

अॅपवर टाकायला बसले. तिथे पाचपैकी मार्क, पाव-पावच्या पायऱ्यांनी. 43 म्हणजे 4.3, पायरी 4.25 ची. फोटो लावा असं सारखं विचारत होतं, लावला नाही. चवीच्या जागी आईचे शब्द जसेच्या तसे मराठीतच टाकले, 'पपनस सोलताना नखात अडकलेली साल'. कोण काय समजेल ते समजो.

बाबा आता फोकल बँगरचा कॅन उलटा करून तारीख शोधतायत. ती 7 टक्क्यांची, हॉप्स सिट्रा आणि मोझेक, हे मी काल रात्रीच सांगून ठेवलंय. जेवणाआधी उघडू म्हणतात, पण अट घातलीय की आधी ते एकटे मार्क देणार, आईने मध्ये काही बोलायचं नाही.