फिगेरेस : कुबड्यांवर टेकलेला चेहरा

बार्सिलोनाहून वेगवान गाडीने तासाभरात फिगेरेसला पोहोचता येते. या लहानशा कॅटलन गावात पर्यटक उतरतात ते मुख्यतः स्वप्नवत, अतिवास्तववादी चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या साल्वादोर दाली या चित्रकाराचे नाट्यगृह-संग्रहालय पाहण्यासाठी. स्पॅनिश यादवी युद्धाच्या अखेरीस जळालेल्या जुन्या नाट्यगृहाच्या भिंतींत दालीने ते आपल्या देखरेखीखाली उभारले आणि १९७४ साली खुले केले.

सर्वाधिक गर्दी असते ती मे वेस्ट या अभिनेत्रीच्या दालनात. ओठांचा सोफा, नाकाची शेकोटी, डोळ्यांच्या जागी पॅरिसची दोन दृश्ये. रांग लावून शिडी चढावी आणि भिंगातून पाहावे, की या सामानाचा चेहरा जुळून येतो. गंमत खरीच, पण एकदा कळली की संपते.

माझे पाय अडखळले ते ‘तळलेल्या बेकनसह मऊ आत्मचित्र’ या १९४१ सालच्या, जेमतेम दोन फूट उंचीच्या चित्रापाशी. चेहरा म्हणजे दोरीवर वाळत टाकल्यासारखी लोंबणारी कातडी; आत ना कवटी, ना मांस. डोळ्यांच्या खोबणी रिकाम्या, तोंडाशी मुंग्या, ठिकठिकाणी टेकू दिलेल्या बारीक कुबड्या आणि खाली चौथऱ्यावर बेकनचा एक काप. ओळख पटते ती केवळ मिशांवरून. आत्मा वगैरे आतले काही न रंगवता आपला फक्त बाहेरचा हातमोजा रंगवायचा, अशी यामागची दालीची भूमिका होती. अंतर्मनाचा शोध घेणाऱ्या मनोविश्लेषक फ्रॉइडला गुरुस्थानी मानणाऱ्या आणि १९३८ साली लंडनला जाऊन त्याची भेट घेणाऱ्या चित्रकाराने तीनच वर्षांनी अंतर्मनाला असा फाटा द्यावा, याचे मला फार नवल वाटले.

हिरोशिमानंतर दालीला अणूने झपाटले, आणि त्याच्या चित्रांतल्या शरीराचीही घडण बदलली. हंसाच्या रूपात आलेला झ्यूस देव आणि लेडा यांच्या ग्रीक कथेवरच्या १९४९ च्या ‘लेडा अ‍ॅटोमिका’मध्ये त्याची पत्नी गाला लेडाच्या रूपात विवस्त्र आणि अधांतरी आहे, हंस तिला स्पर्श करत नाही, आणि नीट पाहिले तर समुद्रही किनाऱ्याला टेकलेला नाही. कुबड्यांची गरज संपली, पण त्याबरोबर कातडीची ऊबही गेली, असे माझे मत झाले. तांत्रिक सफाई कितीही डोळे दिपवणारी असली तरी मी पुन्हा त्या लोंबत्या चेहऱ्याकडेच वळलो.

दालीचे दफनही याच इमारतीत, रंगमंचाच्या खाली झाले आहे. पितृत्वाच्या एका दाव्यासाठी २०१७ साली न्यायालयाच्या आदेशावरून ही कबर उघडण्यात आली. दावा टिकला नाही, पण २८ वर्षांनंतरही मिशा मात्र जागच्या जागी असल्याचे आढळले.