नाशिकच्या कृषी परिषदेत कांद्याला वेळ नव्हता

शेतीच्या भविष्यावर दरवर्षी भरणाऱ्या परिषदेसाठी या फेब्रुवारीत नाशिकला गेलो. प्रवासातलं सांगण्यासारखं एवढंच, की द्वारका चौकात रिक्षा जितका वेळ अडकली तितक्यात एक मिसळ निवांत खाऊन झाली असती.

सकाळभर ड्रोन, उपग्रह आणि मोबाइलवर येणारा रोगाचा अंदाज. यातलं काही टाकाऊ नाही. द्राक्षाची पानं किती तास ओली राहिली हे नेमकं कळलं तर डाऊनी या रोगाची एखादी फवारणी वाचते, मालात औषधाचे अंशही कमी उतरतात. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांवरून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, त्याची धास्ती इथे अजून आहे. मागच्या रांगांतले लोक वहीत उतरवून घेत होते. पुढच्या रांगा फोटो काढण्यात गुंतलेल्या.

मग प्रश्नोत्तरं. निफाडकडचे एक काका उभे राहिले. "साहेब, पाऊस कधी येणार ते मोबाइल सांगंल. कांद्याची निर्यातबंदी कधी येणार, ते कोण सांगंल?"

हशा झाला, टाळ्याही पडल्या. सूत्रसंचालक म्हणाले, "हा धोरणाचा विषय आहे काका, आज आपण तंत्रज्ञानापुरतं बोलू." आणि पुढची स्लाइड. मला याचा जो राग आला तो जेवणातल्या गुलाबजामनेही उतरला नाही. (ऐन हंगामात नाशिकमध्ये पंगतीला द्राक्षं नव्हती, हेही नोंदवून ठेवतो.)

काकांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठलं. ते अजिबात चिडलेले नव्हते, उलट मलाच शिकवत बसले. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला तर दिवाळीपर्यंत ओढता येतो. वजन घटतं, काही सडतो, पण भावाची वाट बघता येते. खरिपाच्या लाल कांद्याचं तसं नाही. तो टिकत नाही, काढला की विकायचाच. डिसेंबर 2023 मध्ये बंदी आली ती नेमकी लाल कांदा बाजारात येत असताना. उठली मे 2024 मध्ये, तीही 40 टक्के निर्यातशुल्क ठेवून.

"म्हणजे ज्याला थांबता येत नाही त्यालाच थांबवलं," मी म्हणालो.

"तुम्ही आत बोलायला पाहिजे होतं," काका हसले. "आमचा चहा वाचला असता."

दुसऱ्या दिवशीची सत्रं सोडून लासलगावला, कांद्याच्या मोठ्या बाजारपेठेत गेलो. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरांच्या रांगा, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीवर सरकतो. ओंजळभर कांदा उचलायचा, दाबायचा, आकडे ओरडायचे, पुढे. तीन-चार महिन्यांच्या पिकाचा निकाल मिनिटभरात. एक ताई ट्रॉलीशेजारी चिठ्ठी हातात धरून उभ्या होत्या. भाव विचारायची हिंमत झाली नाही. पलीकडच्या पोराने आपणहून सांगितलं, "गोलटी, म्हणजे बारका कांदा, जास्त निघाली, म्हणून भाव पाडला."

परिषदेचा अभिप्राय अर्ज फोनवर आलाच. 'स्थळाबाबत सूचना' या रकान्यात लिहिलं: पुढच्या वर्षी लासलगाव, लिलाव चालू असताना. तिथे एसी नाही, धूळ भरपूर आहे, पण भजी गरम मिळतात.